कणगीतली पानं

आमच्या खाडीकाठच्या गावात पदवी घेतलेला मी पहिला, आणि इटालियन वाचता येणारा एकटाच. हे मी अभिमानानेच सांगतो. बाप खाजणातल्या भातात जन्मभर गुडघाभर चिखलात उभा राहिला, म्हणून मी टेबलाशी बसलो.

इटालियन शिकवलं शेजारच्या धर्मग्रामातल्या चर्चच्या एका निवृत्त फादरनी. त्यांची बरीच वर्षं रोममध्ये गेली होती. मी त्यांच्याकडे इंग्रजी सुधारायला जायचो, तर ते तिकडची जुनी वर्तमानपत्रं पुढ्यात टाकायचे. म्हणायचे, "गुन्ह्याच्या बातम्या वाच. तिथे कोणी उगाच शब्द वाया घालवत नाही." त्याच बातम्यांवर पुढे माझं घर चाललं.

मुंबईच्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी इटलीतल्या राजकारणावर आणि गुन्हेगारीवर सदर लिहायला लागलो. संपादक आधी हसले होते. "अहो, नायगावच्या माणसाला इटलीचं काय?" मी म्हटलं, "साहेब, छापून तर बघा." टोळीवाल्यांनी आतून पोखरली म्हणून सरकारने बरखास्त केलेली नगरपालिका, हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गावाने वाळीत टाकलेला पाववाला, असं मी लिहीत गेलो. वाचकांची पत्रं यायला लागली की नावं बदलली तर ही आमच्याच गावची गोष्ट आहे.

त्याचं कारण होतं. मी इटली पाहिलेली नाही, अजूनही नाही. तिकडची बातमी कोरडी असायची. एका शेतकऱ्याने साक्ष दिली, संपलं. तो शेतकरी कसा बसायचा, काय बोलायचा, हे मी आमच्या गावातून उचलून घालायचो. संपादक म्हणायचे, तुझ्या हाताला चव आहे. मीही तसंच समजत होतो. खोटं छापतोय असं मनात कधी आलं नाही.

आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत, ते काका चौथीपर्यंत शिकलेले. रोज पहाटे डोक्याला पंचा गुंडाळून, खाडीकडे पाठ करून बांधावर बसायचे. समोर नाल्याकाठच्या तिवरांत डंपर येऊन राडारोडा टाकायचे. आधी तिवरं गेली, मग पाणी जायची वाट गेली, मग काकांच्या भातात खारं पाणी शिरलं. काका डंपरचे नंबर लिहून ठेवायचे. किराणा दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरची पाठ कोरी असते, तिच्यावर. महिना संपला की पान फाडायचं, गुंडाळायचं आणि भाताच्या कणगीत खुपसायचं. भिंतीवरच्या चालू पानाच्या पाठीवर नवे नंबर.

मला त्यांनी ती पानं दाखवली, कारण मी शिकलेला. तहसील कचेरीत त्यांच्या अर्जावर सुनावणी होती. अर्ज मीच लिहून दिला होता, बरोबर येतो म्हणालो होतो.

"कोनाला सांगू नको, पोरा," काका म्हणाले.

"नाही सांगणार, काका."

"तू पेपरवाला हाय. तुमच्या पोटात पानी ऱ्हात नाय."

आम्ही दोघं हसलो. आणि मी खरंच कोणाला सांगितलं नाही.

सुनावणीच्या आदल्या रविवारी माझा लेख आला. दक्षिण इटलीत कारखान्यांचा विषारी कचरा शेतांत पुरणाऱ्या टोळीविरुद्ध एका शेतकऱ्याने ट्रकच्या नंबरांची यादी न्यायालयात दिली होती. बातमी एवढीच होती. माझ्या लेखात तो शेतकरी डोक्याला फडकं गुंडाळून, पाण्याकडे पाठ करून बांधावर बसला. कॅलेंडरच्या पाठीवर नंबर लिहू लागला. ती पानं त्याने कणगीत लपवली. लिहिताना माझा हात कुठे अडला नाही. उलट त्या ओळीवर मी खूश होतो.

संध्याकाळी फादरकडे गेलो, शाबासकी घ्यायला. ते आरामखुर्चीत पुरवणी मांडीवर घेऊन बसले होते.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "पण इटलीत कणगी कुठे असते रे?"

"वाचकाला कळावं म्हणून, फादर."

"वाचकाला कळलं. मीही वाचकच." चष्मा काढून ते माझ्याकडे बघत राहिले. "त्या बांधावर बसणाऱ्याला मी ओळखतो. मी ओळखतो, तर आणखी कोण ओळखेल?"

मी तिथूनच काकांकडे जायला हवं होतं. मी घरी आलो. मनाशी म्हटलं, गावात पुरवणी वाचतं कोण!

वाचत होता. ते डंपर ज्याचे, तो भरणीचा ठेकेदार माझा नेमाने वाचणारा होता. सोमवारी नाक्यावरच्या चहावाल्याकडे त्याने मला हाक मारली. "काय पत्रकारसाहेब, तुमच्या इटलीतपण बांध असतात होय? मला तर आपलंच गाव दिसलं बघा!" बाकीचे हसले. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला आणि मी तो प्यायलो.

मंगळवारी काकांच्या घरी दोन माणसं आली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बियाण्याला जुनं भात हवंय म्हणाली. कणगी अंगणात आणून उपडी केली, पानांची गुंडाळी घेतली आणि भात तसंच टाकून गेली. मी पोचलो तेव्हा काकी सुपाने भात गोळा करत होती. काका ओट्यावर होते.

"त्यांना कनगी कशी कलली?" एवढंच त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत नसल्यासारखं. माझा पेपर त्यांच्या घरी येत नव्हता.

मी म्हटलं, "काय माहीत, काका."

गुरुवारी आम्ही कचेरीत गेलो. बाकावर एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ठेकेदार, हातात त्या रविवारच्या पुरवणीची घडी. साहेबांनी विचारलं, "पुरावा काय?"

काका म्हणाले, "कागद गेलं, सायेब. पन या पोरानं सगलं बघितलंय. शिकलेला हाय. त्याला इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ठेकेदारानेही पाहिलं आणि हसून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. मी बोललो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग हे इटलीचं म्हणून कसं छापलंत? मला माझं सदर दिसलं. ठेकेदाराची माणसंही दिसली, खोटं कशाला बोलू. पण आधी सदर दिसलं.

मी म्हणालो, "मी नीट पाहिलं नव्हतं, साहेब."

तिकडे इटलीत गावाने गप्प बसण्याला एक खास शब्द आहे. तो मी मराठी वाचकांना कितीतरी रविवार समजावून सांगितला होता.

येताना काका रिक्षात माझ्या शेजारी बसले होते. वाटेत म्हणाले, "ऊन वाढलंय." गावात उतरल्यावर नेहमीसारखं "येतो" म्हणून गेले. पुढच्या वर्षी आजारपणात वारले. कोणी मारलं नाही. त्यांच्या शेतासमोर आता टॉवर आहे, खालच्या बागेत लोक सकाळी फिरतात.

सदर अजून चालू आहे. संपादक म्हणतात, हल्ली चव गेली. आता बातमीत असतं तेवढंच लिहितो. तरी तिकडच्या कुठल्याही बातमीत शेतकरी आला, मच्छीमार आला, साधा दुकानदार आला, तरी तो माझ्याकडे पाठ करून बसलेला असतो, डोक्याला पंचा गुंडाळून. मी खाली वाचत जातो, तो उठत नाही.

मागच्या महिन्यात काकीने बोलावलं. पेन्शनच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते विचारायला. सही झाली, आणि माझी नजर भिंतीवर गेली. किराणावाल्याचं कॅलेंडर. सुनावणीच्या वर्षाचं, मार्चवर थांबलेलं.

"काकी, हे जुनं झालं."

"ऱ्हाऊ दे. मागून बघ."

मी पान उचललं. पाठीवर काकांच्या अक्षरात पाच नंबर. हे पान त्या माणसांना सापडलंच नव्हतं, भिंतीवर उघडं होतं.

"हे त्या दिवशी का नाही आणलं त्यांनी?"

"मी सांगितलं, हे तरी घेऊन जा. तं बोलला, पाच नंबरांना कोन इचारतो? पोरानं सगली पानं बघितलीत, तो बोलंल."

काकी फॉर्मची घडी घालत होती. तिला किती माहीत आहे, ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "काकी, कणगीचं मीच लिहिलं होतं. पेपरात."

तिची घडी थांबली नाही. "फादर सांगून गेलं मना. तुज्या काकाला मी नाय सांगितलं."

"मी हे पान घेऊन जाऊ? कचेरीत देतो."

"आता कोनाला देतोस? तिथं लोकं ऱ्हायला आली. फाडू नको."

मी पान सोडलं. ते परत खाली आलं. चौकोनांत काकांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एकात गॅस, दोनांत दूध नाय. सुनावणीच्या त्या गुरुवारच्या चौकोनात एकच शब्द होता: पोर.