शिफ्ट सुटताना हलणारी रेघ

ताथवड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत तांदळाच्या कणीपेक्षा लहान एक हिरा आहे, आणि तसाच दुसरा चाकणला. दोन्ही कारखान्यात बनवलेले, दोन्ही सदोष. आत एका जागी कार्बनचा अणू नाही, शेजारी नायट्रोजन आगंतुकासारखा बसलाय, आणि त्या रिकाम्या जागेपाशी एक इलेक्ट्रॉन नांदतो. माझी सगळी नोकरी त्या रिकाम्या जागेवर चालते.

हे सांगितलं तेव्हा बाबा पोटभर हसले. लातूरकडून आले तेव्हापासून ते चाकणच्या एका कंपनीची बस चालवत होते. "आमच्याकडं डिफेक्ट निघाला की माल परत. अन् तुमचं दुकानच डिफेक्टवर व्हय, माय?"

मग मी त्यांना पुढचं सांगितलं, जे मला अजूनही स्वप्नासारखं वाटतं. दोन्ही हिऱ्यांतून प्रकाशाचा एकेक कण निघतो आणि जमिनीखालच्या फायबरमधून येऊन मध्यावर दोघांची गाठ पडते. कुठला कण कुणाचा, हे तिथं कुणालाच कळता कामा नये. ते कळलं नाही, तरच ते लांबलांबचे हिरे एकमेकांत गुंततात. "बरं हाय की," बाबा एवढंच म्हणाले.

फायबर चाकणच्या रस्त्याच्या कडेनं पुरलंय. उन्हानं ते ताणतं, गारव्यानं आखडतं, आणि दुपारी पहिली शिफ्ट सुटून कंपन्यांच्या बसगाड्या निघाल्या की थरथरतं. ही थरथर दाखवणारी माझ्या पडद्यावरची रेघ तेव्हा शहारते आणि जुळवून आणलेलं सगळं विस्कटतं. घरी जेवताना मी त्या बसगाड्यांच्या नावानं रोज बोटं मोडायची. बाबा भाकरी कुस्करत ऐकून घ्यायचे.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बॉनेटवर बसून जायचे, म्हणून शेवटच्या फेरीलाही शेजारी बसायचं कबूल केलं होतं. नेमकी त्याच दुपारी चाचणी निघाली. मला फार वाईट वाटलं. "मी तिथून बघते तुम्हाला, रेघेवर," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

शिफ्ट सुटली, रेघ हलायला लागली, आणि मी पहिल्यांदाच तिच्याकडे मायेनं बघितलं. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, हेच बाबा. मोशीच्या पुलावरचा हा. छे, पुढचा. कुठला कुणाचा, काही कळेना. त्यांची गाडी जुनी, खडखडती. धक्का मोठाच असणार, म्हणून मी मोठ्या धक्क्याची वाट बघत राहिले. डोळे भरून आले. रेघ हळूहळू शांत झाली.

संध्याकाळी रहाटणीला घरी पोचले, तर बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले, गळ्यात निरोपाचा हार तसाच.

"हलली का गं रेघ?"

"हलली की. रोजच्यासारखी."

ते हिरमुसले. "मी तर लई हळू आणली बघ गाडी. मागचे हॉर्न वाजवायलते, गाडीतली पोरं म्हणायली, दामटा की राव. म्हणलं, न्हाई. पलीकडं माझी लेक मोजायलीय."