आपल्यातले म्हणून सांगतो

आमच्या प्रॉपर्टी एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डावर त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'गोपनीयता की गारंटी'. मी ते वाचलं आणि खरं मानलं. छापलेल्या अक्षराचा आमच्या घरात जरा जास्तच मान. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजात जाऊन पदवी आणणारी मी पहिली, आणि बी.कॉम.चा तो कागद बाबांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलेला. छापील कागदानंच आमचं भलं केलं. तो खोटं कशाला बोलेल?

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होणार होते. भिलाईत रिटायर होणं म्हणजे पहिलं काम कंपनीचं क्वार्टर सोडणं. अंगणातला पेरू तुम्ही लावा, पाणी तुम्ही घाला, पेरू कंपनीचा. तेव्हा घर घ्यायचंच होतं. पण मला ते आणखी एका कारणासाठी हवं होतं. मी शेजारच्या दुर्गचं सासर सोडून मुलीला घेऊन आई-बाबांकडे आले होते. नवरा संध्याकाळी क्वार्टरच्या फाटकासमोर मोटरसायकल उभी करून हॉर्न वाजवत बसायचा. शिवी नाही, मारामारी नाही, नुसता हॉर्न. पोरगी पुस्तक मिटून पलंगाखाली जायची. कोर्टात केस चालू होती. ती संपेपर्यंत नव्या घराचा पत्ता त्याच्या कानावर जाऊ नये, एवढीच माझी अट होती. घर लहान चालेल, जुनं चालेल, पंखे नसले तरी चालतील.

एजंटाचं ऑफिस भिलाईतल्याच सुपेल्यात, भर बाजारात. काचेचा दरवाजा, प्लायवुडचं पार्टिशन, आणि पार्टिशनपलीकडे फोटोकॉपीचं दुकान, जिथं प्रत्येक शब्द ऐकू जात होता. तिथं बसून मी त्याला माझी सगळी कथा सांगितली. तो दुर्गच्या जुन्या मराठी घरातला. चार पिढ्या इथं आहोत, हे तो पाण्याचा ग्लास पुढं करण्याआधी सांगायचा.

"ताई, बिलकूल काळजी करू नका," तो म्हणाला. "माझं पोट म्हणजे बँकेचं लॉकर. आणि आपण मराठी माणसं. आपली गोष्ट बाहेर जाईल का?"

मी स्वतः सुपेल्यात एका लॅबच्या काउंटरवर बसते. रक्ताचा रिपोर्ट ज्याच्या नावाचा, त्याच्याच हातात. सासरा आला तरी सुनेचा देत नाही, साहेब आला तरी बाबूचा देत नाही. लोक चिडतात, मॅनेजरकडे जातात, जाऊ देत. मला वाटलं, हाही आपल्यासारखाच असेल. धंदा वेगळा, धर्म एकच.

मग घरं बघणं सुरू झालं. रविवारी तो गाडी घेऊन यायचा. पुढं बाबा, मागं आई आणि मी. घर यायच्या आधीच तो गाडी हळू करायचा, आवाज त्याहून हळू करायचा, आणि म्हणायचा, "आपल्यातले म्हणून सांगतो."

आपल्यातले म्हणून त्यानं काय काय सांगितलं! या घरच्या धाकट्या मुलानं पळून लग्न केलं, बाप गल्लीत तोंड दाखवत नाही, लवकर सुटेल. त्या घरात दोन भावांची कोर्टबाजी, मोठा बहिरेपणाचं नाटक करतो, त्याच्याशी मोठ्यानं बोलू नका, ओळखेल. तिसऱ्या घरच्या सुनेला मूल नाही, सासूला वाटतं वास्तुदोष आहे, वास्तुदोषात माल स्वस्त मिळतो. घराला खिडक्या किती, पाणी कधी येतं, हे विचारलं की मात्र त्याला ठाऊक नसायचं.

आई तर पुढच्या सीटला चिकटून बसायची. "अवं बाप्पा! मंग सून काय म्हनते?"

"आई, आपन घर पाहून राहिलो का सिरियल?" मी म्हणायचे.

"घरासंगं मानसं पन पाहा लागते," आई म्हणायची. एजंट आरशातून तिच्याकडे कौतुकानं बघायचा. असा ग्राहक त्याला रोज मिळत नसावा.

बाबा खिडकीबाहेर बघत असायचे. उतरल्यावर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "या मानसाचं तोंड म्हनजे सुपेला चौक. चारही बाजूनं येनं-जानं. आपलीच गोष्ट कावून थांबन तिथं?"

मी म्हटलं, "आपलं नाही सांगनार, बाबा. मी बजावून सांगितलं हाय."

बाबा घराच्या फाटकाकडे वळले. फ्रेममधल्या पदवीचा मान ठेवला असेल.

मग हुडको कॉलनीतलं ते घर आलं. मला ते फाटकातच आवडलं. दोन खोल्या, मागं तुळस आणि कढीपत्ता, आणि स्वयंपाकघराला अशी खिडकी की भाकरी थापता थापता पोरगी खेळताना दिसावी. मालकीण एक तेलुगू आंटी. नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला, मुलगा अमेरिकेत, या एकट्या. गुडघे धरत धरत त्यांनी आम्हाला घर दाखवलं आणि चहा करायला आत गेल्या.

चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा एजंट आपल्या कामाला लागला होता. आंटी समोर, ट्रे त्यांच्या हातात, आणि हा फरशीचं कौतुक करावं तसा हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत सांगतोय, "आपल्यातले म्हणून सांगतो, काकू. बाई अगदी टेकीला आली आहे. गुडघे गेलेत, पोरगा विचारत नाही, फोनसुद्धा करत नाही. घर पाहायला कुत्रं येत नाही. तुम्ही ताणून धरा, आपोआप खाली येईल."

इथल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे. बाजारात भाव करताना, डॉक्टरासमोर, पाहुण्यांच्या देखत, आम्ही मराठीत शिरतो आणि समजतो की आतल्या खोलीचं दार लावलं. बाहेर हिंदी, आत मराठी. त्या खोलीला भिंती आहेत की नाहीत, हे कोणी तपासत नाही. भिलाईत तर प्रत्येक क्वार्टरच्या भिंतीला लागून दुसऱ्या भाषेचा संसार असतो, आणि तो वर्षानुवर्षं आपली भांडणं ऐकत भाजी चिरतो.

आंटींनी ट्रे टेबलावर ठेवला. कप सरळ केले. मग एजंटाला म्हणाल्या, "पोरगा फोन करते, भाऊ. दर इतवारले करते. गुडघे गेले, हे खरं हाय."

एजंटानं ट्रेमधून उचललेलं बिस्किट चहात पडलं. ते काढायला त्याला सुचलं नाही.

"आंटीजी... आपको मराठी...?"

"सेक्टर के क्वार्टर में हमारी दीवार से लगके नागपुरवाली रहती थी. माहा पोरगा तिच्याच घरी जेवून मोठा झाला." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. "और बेटा, तुम वही हो ना, जिसका आदमी फाटक पे आके हॉर्न बजाता है?"

माझ्या पायाखालची फरशी, जिच्या कौतुकाचं आत्ता नाटक चाललं होतं, ती सरकली. हॉर्नची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती.

"इसने कल फोन पे बताया," आंटी म्हणाल्या. "बोला, पार्टी मजबूर है, छुपने को घर चाहिए, आप रेट पे अड़ी रहना. ये भी बताया कि आप कौन जात के लोग हो. मैंने पूछा नहीं था. फिर बोला, पर लोग अच्छे हैं."

बाबांनी कप खाली ठेवला. "'पर' लावला का त्यानं?"

"हां, लगाया."

"मंग बराबर हाय," बाबा म्हणाले आणि हसले. "थो 'पर' आमच्यासंगं भंडाऱ्याहून आला. प्लांटमंदी भरती झाली तवा त्याचीपन झाली. मी रिटायर होऊन राहिलो, थो काही होत नाही."

एवढं झाल्यावर माणूस उठून जाईल. आमचा एजंट उठला नाही. त्यानं आधी घसा साफ केला, मग म्हणाला, "हे बघा, मी दोन्ही पार्टींचा माणूस आहे. दोन्हीकडची माहिती दोन्हीकडे गेली पाहिजे. याला पारदर्शकता म्हणतात."

पारदर्शकता! दोन्हीकडून दलाली घेतो, म्हणून दोन्हीकडे चहाड्या करतो, आणि त्याला हे नाव. शब्द शिकायला कॉलेजात जावं लागत नाही, हे त्या दिवशी मला पटलं.

"भाऊ, तुमी गाडीत जाऊन बसा," आई म्हणाली. तो गेला. काच खाली करून बसला, ते आम्हाला खिडकीतून दिसत होतं. आंटींनी जाऊन खिडकी लावली.

मग आम्ही आणि आंटी समोरासमोर बसलो आणि त्यानं कोणाबद्दल कोणाला काय सांगितलं ते जुळवून पाहिलं. आमच्याबद्दल त्यानं सांगितलं होतं की मी घरातून दागिने घेऊन पळाले. आंटींबद्दल आम्हाला सांगितलं होतं की रात्री त्या नवऱ्याशी बोलतात, घरात काहीतरी आहे. आंटी हसून हसून गुडघा चोळत म्हणाल्या, "बोलती हूँ ना! जिंदा था तो सुनता नहीं था, अब सुनता है." आई त्यावर अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मला हसू येईना. ते घर मला पाहिजे होतं. भाव जमला असता, आंटींनी स्वतःहून जमवला असता. पण जे घर या माणसाच्या तोंडात, ते माझ्या काय कामाचं? आज इथं सही करू, उद्या फाटकावर हॉर्न.

आंटींना ते न सांगता कळलं. म्हणाल्या, "मेरा घर छोड़ो. मेरी एक सहेली है, वो भी बेचेगी. उसने किसी दलाल को नहीं बोला. उसके पेट में बात रहती है."

त्या सहेलीचं घर आम्ही घेतलं. एजंटाला ते माहीतच नव्हतं, तेव्हा त्याचं देणं-घेणंही काही नव्हतं. खिडकी तशी नाही. भाकरी थापताना मला पोरगी दिसत नाही, समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. चालतं.

पण एजंट फोन करून विचारायचा, "मग काय ठरलं?" मी म्हटलं, सरळ सांगून टाकते की तुमच्याकडून घ्यायचं नाही. आई म्हणाली, "तू थांब. तू बी.कॉम. केलं, त्याच्या गाडीत मन लावून मी बसली हाय."

आणि तिनं फोन घेतला. आवाज हळू केला, इतका की शेजारी बसून मला कान द्यावा लागला.

"भाऊ, तुमी आपल्यातले म्हनून सांगून राहिली. रायपुरात घेतलं. दूरच बरं ना. पन कोनाले सांगू नका, पोरीचा सवाल हाय."

पलीकडून शपथा आल्या. लॉकर पुन्हा निघालं.

महिना सरायच्या आत दुर्गहून चुलतबहिणीचा फोन. "रायपुरात घर घेतलं म्हने? आमाले सांगितलं पन नाही! तुहा नवरा अन् दीर तिकडच्या कॉलन्या हिंडून राहिले." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. पोरगी टेबलावर पाढे म्हणत होती. मोठ्यानं म्हणत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

एजंट मला पुन्हा भेटला तो भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात. मी मेथी निवडत होते. तो समोर येऊन उभा राहिला, चेहरा असा की जणू माझ्याकडून त्याचं काही बुडालं आहे.

"मॅडम, ही गोष्ट तुम्ही बरोबर नाही केली."

"कोन्ती?"

"रायपूरची. तुम्ही रायपुरात नाहीच. लोक मला तोंडावर म्हणतात, झूठा आदमी है. बाजारात माझ्या शब्दाला किंमत आहे मॅडम! ती गेली ना."

इतका दुखावलेला माणूस मी लॅबच्या काउंटरवरही पाहिलेला नाही.

"पन आईनं तर फक्त तुमालेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "कोनाले सांगू नका म्हनून. तुमी कोनाले सांगितलं का?"

"छे! मी कशाला सांगू? माझं पोट म्हणजे..."

"मंग लोकायले तुमी खोटे कावून वाटून राहिले?"

त्यानं माझ्या ढिगातली मेथीची एक काडी उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. भाजीवाली हसली. तिला मराठी येत होती की नाही, कोण जाणे. मी आता कोणाबद्दलच काही धरून चालत नाही.

पण गडी पक्का. क्षणात सावरला, जवळ सरकला, आवाज हळू केला.

"जाऊ द्या झालं ते. मग सध्या राहता कुठं? आपल्यातले म्हणून विचारतो."

"रायपुरात," मी म्हटलं. स्टॉपवर रायपूरची बस उभी होतीच. मेथी पिशवीत कोंबली, त्याच्या देखत बसमध्ये चढले, खिडकीशी बसले. बस हलेपर्यंत तो तिथंच उभा होता. मी हातही केला.

पुढच्याच स्टॉपला, खुर्सीपारला उतरले, रस्ता ओलांडला आणि ऑटो धरला. तो ऑटो कोणत्या बाजूला गेला, ते इथंही लिहीत नाही. कोर्टाची तारीख अजून पडते आहे.