कर्नल मोकाट सापडल्यास

आर्डिस क्लॅप काउंटीची प्राणी-नियंत्रण अधिकारी होती. म्हणजे सुटलेलं जनावर धरायचं आणि धरून उभं राहायचं, एवढाच तिचा अधिकार. दंडाची पावती फाडायची ती शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाने, आणि तो बसे साठ मैलांवर. फोन केला की दोन-अडीच तासांनी उगवे, पावती फाडे, निघून जाई. एकोणीस वर्षं आर्डिसने अशी वाट पाहण्यात काढली होती. त्यातली शेवटची चार, दर गुरुवारी, ओर्लिन श्रामच्या स्वयंपाकघरात.

ओर्लिन एकटा राही, आणि त्याच्याकडे एक एमू होता, शहामृगासारखा उंच, न उडणारा पक्षी. नाव कर्नल. पुढे कर्नलने हिरवीगार अंडी घातली, पण मिळालेला हुद्दा काढून घेणं ओर्लिनला बरं दिसेना. दर गुरुवारी दुपारी कर्नल कुंपणाबाहेर, रस्त्याच्या मधोमध, क्षितिजाकडे बघत उभा सापडे. तक्रार ओर्लिन स्वतःच करी. "माझं जनावर मोकाट सुटलंय. कुणाला तरी पाठवा."

आर्डिस येई, कर्नलला आत ढकली, शेरीफच्या कचेरीत फोन करी आणि टेबलाशी बसे. कॉफी, रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा गोड केक, पत्ते. बोलणं थोडंच. खिडकीबाहेर माळ, माळापलीकडे आणखी माळ; इतकी जागा की माणसाला आपलं नाव विसरायला व्हावं. शेरीफच्या त्या माणसाची, डेप्युटी कोलची, गाडी दिसली की ओर्लिन पत्ते खाली ठेवी आणि गुन्हेगाराचा चेहरा करी.

मग काउंटीच्या सभेत ठराव आला, की यापुढे पावती आर्डिसनेच फाडावी. विरोधात एकच माणूस उभा राहिला.

"एवढी सत्ता एका हातात?" ओर्लिन म्हणाला.

"तुमच्या त्या पक्ष्यापायी कोल दर आठवड्याला एकशेवीस मैल गाडी हाकतोय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुंपण का नाही दुरुस्त करत?"

"कुंपण ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन खाली बसला.

ठराव मंजूर झाला. आर्डिसने हात वर केला नाही, खालीही नीट ठेवला नाही.

पुढच्या गुरुवारी कर्नल रस्त्यात होताच. त्याला आत ढकलून आर्डिस पायरीवर उभी राहिली. गाडीचं इंजिन चालूच ठेवलं होतं. कामाशिवाय ती कधी बसली नव्हती, आणि ओर्लिननेही आजवर तिला उगाच 'बसा' म्हटलं नव्हतं. तसं म्हणायचं तर कशासाठी, तेही म्हणावं लागलं असतं.

तिने कोरं पावतीपुस्तक उघडलं. जनावरांच्या यादीत एमू नव्हता. तिने 'इतर'वर खूण केली.

"इतर," ओर्लिन वाकून बघत म्हणाला. "चार वर्षांची ओळख, आर्डिसबाई, आणि कर्नल इतर."

"छापलेलं आहे, ओर्लिन. सही करा."

"सही केली की?"

"की मी निघते."

तिला येऊन चार मिनिटंही झाली नव्हती. ओर्लिनने पेन घेतलं, परत दिलं. "आणि नाही केली तर?"

आर्डिसने पावती उलटी केली. मागे बारीक अक्षरात नियम होते. तिने ते मनात वाचले, मग चष्मा पुसून मोठ्याने, सावकाश. "सही नाकारल्यास अधिकाऱ्याने जागेवरच थांबून शेरीफच्या माणसाला बोलवावं."

"मग मी नाकारतो."

"कारण लिहावं लागेल."

"लिहा. कर्नलचा अपमान झाला."

तिने लिहिलं, शब्द न् शब्द. मग फोन लावला. कोलने कारण दोनदा वाचून घेतलं.

"पाच तरी वाजतील, आर्डिसबाई," तो शेवटी म्हणाला. "तोवर त्याला धरून ठेवता येईल?"

"ठेवते," आर्डिस म्हणाली. "पळून जाईलसा वाटत नाही."

आणि ती गाडीचं इंजिन बंद करायला गेली.