माझं पहिलं मत कोणी टाकलं?

मतदार ओळखपत्रं तयार होऊन यायला वर्ष लागायचं. किस्से मात्र जागेवर तयार मिळायचे. फोटोसाठी स्टुलावर बसल्यावर माणसानं गप्प राहायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या नेवासे तालुक्यातल्या माणसाला बोलावंसं वाटतं. एका हिवाळ्यात आम्ही चौघं गावोगाव फिरलो आणि इतकं ऐकलं, की अजूनही चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "ते कोटाचं सांग रे."

चौघं म्हणजे, एक तलाठी भाऊसाहेब. सगळं काम त्यांच्या जबाबदारीवर. दुसरी मंगल साळवे. शाळेत माझ्या वर्गात होती, ती यादीतली नावं तपासायची. तिसरा आमच्याच गावचा विलास. घोडेगावात त्याचा स्टुडिओ, कॅमेरा त्याचा. आणि चौथा मी. माझं काम पाटीवर खडूनं नाव-नंबर लिहून ती माणसाच्या हातात द्यायची, फोटो निघाला की पुसायची. आणि कॉलेजात लोकशाहीवर बोलून वक्तृत्वाची ढाल मिळवली होती मी!

डार्करूममधल्या केमिकलनं विलासची बोटं कायम काळी असत. पहिल्याच दिवशी मंगलनं त्याला विचारलं, "तू मत दिलंस की नाही, हे कसं कळणार रे?"

"माझी बोटं बाराही महिने मतदान केल्यागत असत्यात," विलास म्हणाला.

मंगल खूप हसली. तितकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

मला या ओळखपत्राचं एवढं वेड का, तेही सांगतो. मतदार झालो तेव्हा मी पुण्याला शिकत होतो. पहिलं मत द्यायला मुद्दाम एस.टी.नं गावी निघालो. सुप्याजवळ गाडी पंक्चर झाली. शाळेतल्या केंद्रावर धापा टाकत पोचलो तेव्हा मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता. अधिकाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "तुमचं झालंय."

मी कोरं बोट पुढं केलं. खूप वाद घातल्यावर त्यांनी एक मतपत्रिका दिली. ती पेटीत टाकायची नाही, वेगळ्या पाकिटात ठेवायची.

"हे मोजतात का?" मी विचारलं.

"मोजत नाहीत. पण तुमचं समाधान."

नवरदेव मांडवात पोचावा आणि अक्षता पडून गेलेल्या असाव्यात, तसं झालं. कोण असेल तो? माझं मत पेटीत टाकताना त्याच्या छातीत धडधडलं असेल का? रागापेक्षा मला त्याचा हेवाच जास्त वाटला. तेव्हाच ठरवलं, हा माणूस शोधायचा आणि त्याला एकच विचारायचं: माझं मत कोणाला दिलंस?

तेव्हापासून माझं म्हणणं एकच. फोटो नाही, तर मत नाही.

*

एका गावात मारुती नावाचा शेतकरी बायकोला घेऊन आला. फोटोसाठी ती तोंडावरचा पदर मागं घेईना आणि हा घेऊ देईना. माझ्या बायकोचा फोटो सरकारी कपाटात कशाला, परका माणूस तिला काचेतून टक लावून बघणार, हे काय चाललंय, अशी त्याची तक्रार. मी त्याला लोकशाही समजावून सांगितली. तो ऐकत होता विलासच्या कॅमेऱ्याकडे बघत.

शेवटी त्यानं तोडगा काढला. "मग आमचा दोघांचा मिळून एकच काढा. न्हाईतरी मत एकच हाय आमचं."

पदराआडून आवाज आला, "कोन म्हनलं?"

*

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी भाऊसाहेबांनी मला गर्दीत बोलू दिलं. मी जनावरांच्याच बाजारातला दाखला दिला. म्हटलं, बैल विकताना पावतीवर त्याचा रंग, शिंगं, अंगावरची खूण सगळं लिहिता. मग या देशाचा मालक असलेल्या माणसाची ओळख नको का?

लोक माना डोलवायला लागले. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात एक म्हातारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बैलाला बोलता येत न्हाई म्हनून लिहावं लागतंय. मी सांगतोय की माझं नाव."

बाजार हसला. भाऊसाहेब हसले. विलासनं त्या म्हाताऱ्याचा बैलासकट फुकट फोटो काढून दिला.

*

आता कोटाचं. विलासनं स्टुडिओतला काळा कोट सोबत आणला होता. ज्याला हवा त्यानं घालावा. मी विरोध केला, सगळे एकाच कोटात दिसले तर ओळख कसली? विलास म्हणाला, "मुंडकी वेगळी हायती की."

मंगलच्या गावात आधी बौद्धवस्तीतली माणसं आली. मंगलच्या आजोबांनी कोट घातला, बटणं लावली, मान ताठ केली. जन्मात पहिला कोट. मग वस्तीतल्या प्रत्येकानं घातला. नंतर गावातले तात्या आले. कोट पुढं केल्यावर त्यांनी तो आधी कोणाकोणाच्या अंगावर होता ते विचारलं, आणि मग त्यांना एकदम उकडायला लागलं. भर थंडीत बंडीवर फोटो काढून गेले.

ओळखपत्रं वाटायला आम्ही पुन्हा गेलो, तर अख्खी वस्ती कलेक्टर कचेरीतून सुटून आल्यासारखी, आणि तात्या नुकते गोठ्यातून आल्यासारखे. तात्यांनी आधी स्वतःचं कार्ड पाहिलं, मग मंगलच्या आजोबांचं. बराच वेळ पाहिलं. मंगलला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, माझा परत काढता येईल का? तो कोट हाय ना अजून?"

"आहे तात्या," मंगल म्हणाली. "पण आजोबांनी विकत घेतला. त्यांना विचारा."

*

मंगलशी माझं खरं भांडण एकच. तिचं म्हणणं, फोटोच्या दिवशी जी माणसं ऊस तोडायला गेली आहेत त्यांनी काय करायचं? कार्ड नाही म्हणून त्यांना हाकलणार? मी म्हणायचो, मग बोगस मतदान चालू द्यायचं का? ती म्हणाली, "सुधीर, तुझं एक मत गेलं तर तू एवढा पेटलास. यांचं तर दरवेळी जाईल."

याला उत्तर एकच होतं आणि ते मला सुचलं, मला! ते येत नाहीत तर आपण जायचं. भाऊसाहेबांना मी दोन दिवस छळलं. शेवटी कॅमेरा घेऊन आम्ही साखर कारखान्याजवळच्या ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर गेलो. विलास त्याच्या एम-एटी गाडीवर, मागं मंगल. मी सायकलवर, खांद्याला कॅमेऱ्याचा स्टँड. मी पोचेपर्यंत कोप्यांतली माणसं विलासला दुवा देत होती. "लई मोठं मन या फोटोवाल्याचं," एक आजी मला सांगत होती.

परतताना रिळात एक फोटो उरला. विलास म्हणाला, "सुध्या, तुझाच राह्यलाय, बस." मी पाटी धरून बसलो. बटण दाबायच्या क्षणी तो मंगलच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, ती हसली, आणि मी जसा त्यांच्याकडे पाहत होतो तसाच कायमचा छापला गेलो.

*

पुढच्या निवडणुकीला मी केंद्रावर सगळ्यांत पहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशात कार्ड. खरं तर कार्डाची सक्ती तोवर ढिली पडली होती, पण मी ते ऐटीत टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यानं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"हा माणूस भांडखोर दिसतोय. तुम्ही तर हसताय."

मी म्हणालो, मीच आहे. तो म्हणाला, असं सगळेच म्हणतात. माझ्या मागं रांग कुरकुरायला लागली. आताही मत जातंय की काय म्हणून मला घाम फुटला. एवढ्यात बाहेर एम-एटी थांबली. विलास उतरला, मागून मंगल उतरली, तिनं ओढणी सारखी केली आणि दोघं कशावर तरी हसत दाराशी आली.

अधिकारी माझ्या तोंडाकडे बघत होता. "हां," तो म्हणाला, "आता जुळला."

*

मत टाकून बाहेर आलो. छातीत धडधडत होतं, अगदी मनात रंगवलं होतं तसं. टपरीवर विलासनं तिघांचा चहा सांगितला.

"झालं का समाधान, सुध्या?" तो म्हणाला. "मला बी बरं वाटलं. मागच्या टायमाला तू काय येईचनास. वाट बघितली, टाइम संपत आला हुता, म्हनलं गड्याचं पहिलं मत हाय, वाया जाईल. म्हनून मीच टाकलं तुझ्या नावानं."

मंगलचा कप हातातच राहिला. माझी नजर त्याच्या काळ्या बोटांवर गेली. इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न कसाबसा बाहेर आला.

"कोणाला दिलंस?"

विलासनं कप खाली ठेवला. मंगलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"तू शिकलेला ना रे सुध्या?" तो म्हणाला. "असं विचारत्यात का कुनाला? मतदान गुप्त असतंय."