नळाचं पहिलं पाणी

नंदुरबारला गाडीत बसलो तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा माझी औषधंच जास्त होती. सुरतेला, डिंडोलीत राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे, मंगलकडे निघालो होतो. तिची सून सोनल सातव्या महिन्यात आणि कावीळ होऊन दवाखान्यात. गल्लीत आणखी चार-पाच जणांना कावीळ झालेली. मी सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नळाच्या पाण्याचे नमुने घेतले, तेव्हा मंगलने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, सुनेला भेटायला नंतर ये, आधी पाण्यासाठी ये.

नवापूरच्या फलाटावर महाराष्ट्र संपून गुजरात सुरू होतो, भजी मात्र दोन्हीकडची सारखीच तेलकट. सोनगडपर्यंत सागाचे डोंगर सोबतीला होते. मग उसाची शेतं आली आणि हळूहळू कारखान्यांच्या भिंती.

उधन्याला उतरून रिक्षा केली. या भागात निम्म्या सोसायट्यांना एकाच देवाचं नाव, त्यामुळे रिक्षावाल्याने मला दोनदा चुकीच्या दारी उभं केलं. तिसऱ्या ठिकाणी ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बाईने विचारलं, "कोना घर जावानं शे?" (कोणाच्या घरी जायचंय?) अहिराणी कानावर पडली आणि पोचलो म्हणून हायसं वाटलं.

मंगलने चहाआधी तीन कागद पुढे केले. गल्लीने पाणी खात्याकडे तीनदा तक्रार केली, तीनदा नमुना नेला गेला आणि तिन्ही वेळा अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. योग्य पाण्यासाठी रस्ता कोण खोदणार? तक्रार प्रत्येक वेळी बंद. आठवड्याभरात सोनल घरी येणार होती आणि तिला परत हेच पाणी पाजायचं, या विचाराने मंगलची झोप उडाली होती. उकळून पाजेन, म्हणाली, पण गल्लीत सगळी घरं कापडाच्या लूमच्या पाळ्यांवर चालणारी, सगळ्यांनी रोज कधी उकळायचं? पाणी कुठंतरी मुरतंय, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मुरतंय ते माहीत आहे, कुठं ते सांग.

सकाळी भाचा नितीन पाळीवरून येताना लोचो घेऊन आला (डाळीच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, फसलेला ढोकळा म्हणा, चव मात्र फसलेली नाही). मी पहिला घास घेतो न घेतो तोच नळ खाकरला आणि गल्लीत धांदल उडाली. पाणी पाऊण तासच येतं. मंगलने सगळ्यात आधी हंडा लावला. आपल्याकडे पिण्याचं पाणी आधी भरायचं, मग बादल्या, मग धुणं. आमची आईही तसंच करायची. हंड्यात पडलेलं पाणी किंचित पिवळट होतं आणि त्याला गटाराचा वास होता.

"देख भाऊ, कसं पानी ई ऱ्हायनं," (बघ, कसं पाणी येतंय) मंगल म्हणाली. पाच-सात मिनिटांत तेच पाणी काचेसारखं झालं. मी लोचो तसाच ठेवून दिला.

रात्रभर रस्त्याखालची नळी रिकामी असते. फुटक्या जागी गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि सकाळी पहिल्या झटक्यात बाहेर पडतं. नमुना घेणारा मात्र नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू देतो, जंतू मरावेत म्हणून तोटी ज्योतीने शेकतो, मग बाटली धरतो. पुस्तकात तसंच आहे. म्हणजे गल्ली पहिलं पाणी पीत होती आणि खातं नंतरचं तपासत होतं.

पाणी खात्याच्या ऑफिसात मी हे साहेबांना सांगितलं. माणूस सभ्य होता, त्याने चहाही पाजला आणि पुन्हा नमुना घ्यायला कबूल झाला. दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधीच खात्याच्या भावनाबेन नमुन्याच्या बाटल्या घेऊन हजर झाल्या. पन्नाशीच्या, हात सराईत. मी म्हणालो, पहिल्या धारेचं घ्या.

"नियम प्रमाणे पहेलां पाणी जवा देवानुं, काका," (नियमाप्रमाणे आधी पाणी जाऊ द्यायचं) त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, मी नोकरीत असतो तर काय केलं असतं?

"जाऊ दिलं असतं," मी म्हणालो. "एकतीस वर्षं जाऊच दिलं."

त्यांनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. एकीत पहिली धार, दुसरीत नियमातली. दोन्हींवर तसं लिहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली.

दोन दिवसांनी निकाल आला. पहिली बाटली अयोग्य, दुसरी योग्य. साहेब म्हणाले, पहिली नियमात बसत नाही, ती धरता येणार नाही. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही हेच वाक्य बोललो असतो. मंगल माझ्यासोबत ऑफिसात आली होती, मागे उभी होती. ती पुढे आली.

"साहेब, हम तो पहलावाला ही पीते हैं," ती म्हणाली. "जो हम पीते, वो किसका काम है?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फोन उचलून खोदाईची माणसं मागवली. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी नळी गटारातूनच गेलेली सापडली, सांध्याला बोटभर भेग. सोनलचीही कावीळ उतरू लागली होती. घरी आल्यावर तिने पाणी मागितलं, तेव्हा मंगलने उकळूनच दिलं.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. निवृत्तीच्या दिवशी मी भाषणात म्हणालो होतो की मी एकही खोटा अहवाल दिला नाही. ते खरंच आहे. पण मी नोकरीत असताना याच लोहमार्गावरच्या एका गावात काविळीची साथ होती, तिथे एका बाईने सकाळी सगळ्यात आधी भरलेला हंडा माझ्यासमोर आणून ठेवला होता. म्हणाली, साहेब, नळाचं नको, हे न्या, माझी सून पिवळी पडलीय. नमुना नळाचाच घ्यायचा असतो, असं मी तिला समजावलं. पाणी योग्य निघालं. तिच्या सुनेचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.