इंजिन मीच खोललं

भंगारवाला आमच्या अंगणात शिरला तेव्हा मी नवऱ्याला जेवायला वाढत होते. रामराम नाही, काही नाही. तो सरळ जीपभोवती फिरला, टायरला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, अजून कितीक दिवस ठेवसान हिले? लोखंड गंजत जाते."

"तुमाले कोनं बोलावलं?" मी विचारलं.

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ताटाकडे बघत भात कालवत राहिला. कोणी बोलावलं ते मला कळलं.

"गाडी विकाची नाई," मी म्हणाले.

"अवं, बंद पडली हाय ते."

"बंद पडली. मेली नाई."

तो गेला. मी वाढायची थांबले, आणि त्या दुपारी आमच्या घरात भांडण झालं ते शेजारच्या आंब्याखाली बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

एटापल्लीहून आतल्या गावांना आमची जीप सवारी न्यायची. जीप जुनी, डिझेलची. आधी नवरा चालवायचा. टपावर तांदळाची पोती बांधताना तो खाली पडला, कंबरेला मार बसला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग धरायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा चावी मी उचलली. लोक काय म्हणायचे ते म्हणाले. मी भामरागडच्या रस्त्याने, नाल्यांतून, खनिजाच्या ट्रकांमागून धूळ खात गाडी चालवली. माझ्यासारखीच ती धूळ इंजिनानेही खाल्ली. मागून निळा धूर निघू लागला, गाडी ऑइल पिऊन टाकू लागली, चढावर जीव सोडू लागली. एक दिवस चौकातून घरापर्यंत ढकलत आणावी लागली.

भंगारवाला येऊन गेल्यावर चौकातल्या मिस्त्रीभाऊंना मी घरी घेऊन आले. ते आमच्या सासऱ्यांच्या वयाचे. मोठ्या कष्टाने इंजिन चालू झालं तेव्हा त्यांनी वरचं ऑइलचं झाकण काढलं. ओलं लाकूड घातलेल्या चुलीतून निघावा तसा धूर तिथून फुसफुसत आला.

"पिस्टन खलास, लायनर खलास," ते म्हणाले. "दुसरं जुनं इंजिन पाहा कुठी भेटते का."

लायनर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसवलेली लोखंडी नळकांडी, ज्यांच्यात पिस्टन वरखाली पळतात. आमच्या इंजिनात अशी चार. एवढं मला माहीत होतं, कारण नवरा लग्नाआधी अहेरीच्या एका गॅरेजात काम करायचा आणि जेवताना त्याच गोष्टी सांगायचा.

"लायनर-पिस्टन नवे टाकले तर?"

"टाकता येते. पन म्या नाई टाकत. एवढ्या जुन्या इंजिनात हात घालाचा, अन् मागून काई झालं त तुमी मलेच बोलसान."

"मंग मीच टाकीन."

ते हसले. नवरा हसला नाही. ते गेल्यावर तो म्हणाला, "सारं गाव तमाशा पाहाले येईन."

"येऊ द्या. फुकटात पाहतीन."

चंद्रपूरला जाऊन मी चार लायनर, चार पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट आणले. त्यासाठी काय विकलं ते इथे सांगत बसत नाही. माझं होतं, मी विकलं. एसटीत ते जड खोकं मी मांडीवरच ठेवलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली ठेवा." मी म्हणाले, "खाली ठेवाले नाई आणलं." पाय बधिर झाले, पण खोकं खाली ठेवलं नाही.

हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा जड भाग, खोललं, खालचं ऑइलचं चेंबर काढलं, पिस्टनचे रॉड सोडवून पिस्टन एकेक करून वरून बाहेर घेतले. जुन्या लायनरच्या आतून बोट फिरवलं तर वरच्या बाजूला धार लागली. जिथवर पिस्टन पळत होता तिथवर लोखंड झिजून खड्डा पडला होता. नवरा बाजेवर बसून सांगायचा, तेही तुटक. "तो पाना नोको. मोठा घे." "ठोकू नोको, दाब." मनातून त्याला हे पटलेलं नव्हतं. माझ्या हातून एखादा नट घसरला की तो तोंड फिरवायचा, आणि मला त्या तोंड फिरवण्याचाच जास्त राग यायचा.

कुंपणापलीकडे खरंच बायामाणसं उभी राहायची. एक म्हातारा रोज यायचा आणि रोज तेच विचारायचा, "जमते का वं?" मी रोज म्हणायचे, "जमून राह्यलं."

मिस्त्रीभाऊसुद्धा एकदा सायकल थांबवून डोकावले. पिस्टनवर कोरलेला बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूला आला पाहिजे, एवढं त्यांनी सांगितलं. पिस्टनवरच्या रिंगा दाबून धरायला पट्टा लागतो, तो मागितला तर देत नाही म्हणाले आणि निघून गेले. मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, पाण्याच्या पाइपाला लावतात त्या क्लिपने आवळला आणि त्यातून पिस्टन आत सरकवले. चारही सरकले.

हेड आणि चेंबर परत बसवून सेल्फ मारला. डिझेलच्या नळीतली हवा काढून पुन्हा मारला. इंजिनाने दोनदा ठसका दिला आणि लागलं. असा साफ आवाज मी त्या गाडीचा कधीच ऐकला नव्हता. कुंपणापलीकडच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. मी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढी मी ताठ झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर ऑइल नव्हतं. दुधाचा चहा होता. पाणी ऑइलात उतरलं होतं.

मी मातीत बसकण मारली. नवरा बाजेवरून म्हणाला, "झालं आता. सोड. त्या भंगारवाल्याले फोन करतो."

"करा फोन," मी म्हणाले. "अन् त्याले सांगा का माझी बायको पुन्हा इंजिन खोलून राह्यली. त्याले पाहाचं असन त येऊन पाहा म्हना."

"हट्टी हायेस तू."

"हाव. तुमची कंबर गेली तवा बी मले सारे सोड म्हनत होते. गाडी सोड, पोरीच्या शाळेची फी सोड. काय काय सोडू?"

मी पाने पुन्हा गोळा केले. पहिल्यांदा खोलताना भीती होती. या वेळी नुसता राग होता, आणि रागाने हात जास्त नीट चालले.

तिसरा लायनर बाहेर आला तेव्हा चूक दिसली. लायनरच्या खालच्या टोकाला रबराची रिंग असते, ती लायनरभोवती फिरणारं थंडाव्याचं पाणी अडवते. लायनर बसतो त्या इंजिनातल्या खाचेत गंजाचा एक कंगोरा मी नीट घासला नव्हता, आणि लायनर दाबताना त्याने ते रबर एका बाजूने सोलून काढलं होतं. नखाएवढा तुकडा. मी तो नवऱ्यासमोर धरला. "हे पाहा. इंजिन मेलं नाई. हे रबर मेलं."

चंद्रपूरहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडून नवी रबरं आणि गॅस्केट मागवलं. चारही खाचा पॉलिश पेपरने घासल्या, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. रबरांना साबणाचं पाणी लावलं आणि लायनर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू बसवले, मग पिस्टन आणि हेड परत चढवलं.

"आता चेंबर नोको लावू," नवरा अचानक म्हणाला. "आधी पाणी भर. खालून पाहू, गळते का."

"पाहाचं कोनी? मी वरून पाणी टाकीन का खाली झोपीन?"

तो उठला. काठी टेकत आला, जीपशेजारी चटई अंथरली आणि पाठीवर पडून हळूच गाडीखाली सरकला. वाकणं त्याला जमत नव्हतं. पडून राहणं जमत होतं. मी वरून पाणी ओतलं.

"गळते का?" मी ओरडले.

"थांब वं जराशी!" मग थोड्या वेळाने, "कोरडं हाय. चारी बी कोरडे." आणि मग त्याच आवाजात, "चेंबरचे बोल्ट दे इकडं. हे मी लावतो."

त्याने ते सगळे खालून, पडल्या पडल्या लावले. त्याच्या तोंडावर ऑइल टपकत होतं आणि तो मला शिव्या देत होता. त्या अपघातानंतर त्याने गाडीला हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा.

या वेळी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. इंजिन लागलं, तापू दिलं, बंद केलं, पट्टी पाहिली. ऑइल ऑइलासारखं होतं. रोज पाहिली. तसंच राहिलं.

स्टँडवर गेले तेव्हा रांगेतली माझी जागा दुसऱ्या एका ड्रायव्हरने घेतलेली होती. "बाई, तुमची गाडी त बंद झाली नं?" तो म्हणाला.

"झाली होती. मागं घे."

"आता ही जागा आमची हाय."

मी जीप त्याच्या गाडीच्या तोंडासमोर आडवी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. त्याने हॉर्न वाजवला. मी खाली उतरले, बॉनेटला टेकून उभी राहिले आणि डब्यातली भाकर काढून खाऊ लागले. बाजाराला आलेल्या आतल्या गावच्या दोन म्हाताऱ्या बांबूच्या टोपल्या घेऊन आल्या, माझ्याशी गोंडीत दोन शब्द बोलल्या आणि न विचारता पुढच्या सीटवर चढून बसल्या. मग आणखी चार जण मागे चढले.

त्याने गाडी मागे घेतली.