कासवाच्या पाठीचं छप्पर

सेतुरामराव कुंभकोणमला एका सरकारी कचेरीत नकाशे काढत. बावन्नच्या वादळात घराची कौलं उडाली, तेव्हापासून ते परसातल्या दगडी डोणीत कासवं पाळून त्यांच्या पाठीचा अभ्यास करू लागले. पाठीवर विटा रचल्या तरी कासव शांतपणे चालतं, हे पाहून त्यांनी स्वयंपाकघरावर त्याच घाटाचं विटांचं छप्पर चढवलं, एकही तुळई न घालता.

पोटाकडची बाजू मात्र पाहायची राहिली. कासव उलटं धरलं की बायको गोमती म्हणे, "अहो, कूर्मावतार तो. देवाला उताणं पाडतात काय?"

पुढे एका कार्तिकातल्या पावसात छपराच्या भाराने भिंती बाहेर कलल्या आणि छप्पर गोमतीवर कोसळलं. ती जागीच गेली.

सुतक फिटल्यावर त्यांनी एक कासव उलटं केलं. पाठीच्या दोन्ही कडा पोटाच्या कवचाने एकमेकींना बांधलेल्या होत्या. दोन भिंतींमध्ये तसे लोखंडी गज ताणले असते, तर भागलं असतं.

"मुकी कासवं छळलीस, देव कोपला," सुंदरीअक्का, त्यांची थोरली बहीण, आल्यागेल्यांसमोर म्हणे. सेतुरामराव मान डोलवत. खरं कारण सांगायचं, तर गोमतीचं नाव घ्यावं लागलं असतं.